फुटणं आणि जुळणं : तेरा वसाहतींचं एक राष्ट्र कसं झालं?



मागच्या व्याख्यानात आपण सप्तवार्षिक युद्धाच्या शेवटाशी थांबलो होतो. १७६३ साली पॅरिसला तह झाला, फ्रान्सने कॅनडा सोडला आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात इंग्लंडला तुल्यबळ असा युरोपीय शत्रू उरला नाही. आज तिथून पुढे जायचं आहे. तिथल्या तेरा इंग्रज वसाहती साम्राज्यातून फुटल्या कशा, हा आजचा एक प्रश्न. त्यांचं एक राष्ट्र झालं कसं, हा दुसरा.

हे दोन प्रश्न मी मुद्दाम वेगळे ठेवतोय. शाळेत आपण जे शिकलो ते साधारण असं होतं : इंग्लंडने कर लादला, लोकांनी चहा समुद्रात फेकला, ४ जुलै १७७६ ला जाहीरनामा निघाला, अमेरिका स्वतंत्र झाली. जणू ज्या दिवशी फुटले त्याच दिवशी राष्ट्र झालं. प्रत्यक्षात या दोन्हींत तेरा वर्षांचं अंतर आहे, आणि माझ्या मते दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त अवघड होतं. त्याची किंमत कोणी भरली, ते शेवटी बघू.

आधी एक लक्षात घ्या, या तेरा वसाहतींना आपण एक आहोत असं वाटतच नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्मठ प्युरिटन, पेनसिल्व्हेनियात क्वेकर आणि जर्मन शेतकरी, दक्षिणेत तंबाखू आणि भाताचे मोठे मळे, तिथे राबणारे आफ्रिकी गुलाम. व्हर्जिनियाचा मळेवाला ‘माझा देश’ म्हणायचा तेव्हा त्याच्या मनात व्हर्जिनिया असायचा. त्याचा माल लंडनला जायचा, उधारी लंडनच्या व्यापाऱ्याकडे असायची, कपडे लंडनहून यायचे. बोस्टन त्याला लांबच होतं. १७५४ साली बेंजामिन फ्रँकलिनने ऑल्बनी इथल्या बैठकीत सगळ्या वसाहतींचा एक संघ करायची योजना मांडली. समोर फ्रेंचांचं संकट उभं होतं, तरी एकाही वसाहतीच्या सभेने ती मान्य केली नाही. आपला पैसा दुसऱ्याच्या हातात कोण देईल?

मग वीस-बावीस वर्षांत हे लोक एकत्र लढायला कसे उभे राहिले? त्याचं बरंचसं श्रेय लंडनला द्यावं लागतं.

लंडनची बाजूही समजून घेऊ. ती अगदीच वेडगळ नव्हती. युद्धामुळे इंग्लंडचं सरकारी कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. नव्याने मिळालेल्या मुलखात सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचे होते. इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. तेव्हा पंतप्रधान ग्रेनव्हिलचा हिशोब सरळ होता : रक्षण तुमचं, तर थोडा खर्च तुम्हीही उचला. १७६५ चा स्टॅम्प कायदा त्यातून आला.

स्टॅम्प पेपर म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. घराचा करार करायचा, प्रतिज्ञापत्र करायचं, की निघालो आपण स्टॅम्प पेपर आणायला. तोच प्रकार. कोर्टाचे कागद, जमिनीचे दस्त, परवाने, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांचे जोड आणि फासेसुद्धा, सगळ्यावर सरकारी शिक्का हवा आणि शिक्क्याचे पैसे. इंग्लंडमध्ये हा कर सतराव्या शतकापासून चालू होता. पण ग्रेनव्हिलने एक गोष्ट पाहिली नाही. हा कर नेमका वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि दारूच्या गुत्त्याचे मालक यांच्यावर पडत होता. म्हणजे गावात जे बोलतात, जे लिहितात आणि ज्यांच्याकडे लोक संध्याकाळी जमतात, त्या सगळ्यांना एकाच वेळी दुखावलं! शिवाय हा कर तेराही वसाहतींवर एकदम आला. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. फ्रँकलिनला जे जमलं नव्हतं ते एका शिक्क्याने केलं.

भांडण पैशाचं नव्हतं का? होतंच. पण त्यातला खरा प्रश्न होता, कर लावायचा अधिकार कोणाचा? वसाहतवाल्यांचं म्हणणं, आमच्या खिशातला पैसा आमच्या सभेने मागावा, ज्या पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही तिने नव्हे. लंडनचं उत्तर, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमचाही स्वतःचा सभासद पार्लमेंटमध्ये नाही, ते भरतातच ना कर? पार्लमेंट सगळ्यांच्याच वतीने बसलेली आहे. हे उत्तर मँचेस्टरला चालून गेलं. तीन हजार मैलांवर, जिथे दीडशे वर्षं लोक आपला कारभार आपण पाहत आले होते, तिथे ते चाललं नाही.

कायदा १७६६ मध्ये मागे घेतला. त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक कायदा केला, की वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदे करायचा पूर्ण अधिकार आमचा आहे. म्हणजे पैसे सोडले, हट्ट ठेवला.

आता चहा. इथे आपला, म्हणजे हिंदुस्थानचा, थेट संबंध येतो. बोस्टन बंदरात १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीनशे चाळीसच्या आसपास पेट्या पाण्यात गेल्या, तो चहा चीनचा होता आणि मालक होती ईस्ट इंडिया कंपनी. तीच, जिने आठ वर्षांपूर्वी बंगालची दिवाणी मिळवली होती. १७६९-७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लक्षावधी माणसं मेली, त्यातही कंपनीने सारा वसूल केला. पण सैन्याचा खर्च, भागधारकांना दिलेला वारेमाप लाभांश आणि १७७२ चं युरोपातलं पत-संकट यांनी कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. लंडनच्या गोदामांत लाखो पौंड चहा पडून होता. कंपनीला वाचवायला पार्लमेंटने १७७३ मध्ये तिला थेट अमेरिकेत चहा विकायची सवलत दिली.

गंमत म्हणजे यामुळे अमेरिकेत चहा स्वस्त होणार होता! महाग नाही, स्वस्त. पण त्यावर पौंडामागे तीन पेन्सची जुनी जकात राहणार होती. स्वस्त चहा घेतला की पार्लमेंटचा कर लावायचा हक्क आपोआप मान्य झाला. शिवाय आधी डच चहा चोरून आणणारे व्यापारी बुडणार, आणि कंपनीने नेमलेले चार-दोन अडते गब्बर होणार. तिकडच्या पत्रकांत तेव्हा बंगालच्या दुष्काळाचा उल्लेख येतो. या कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, आता ती आपल्याकडे वळली आहे, अशा अर्थाचं. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने ते लिहिलं. बंगालच्या शेतकऱ्याचं मरण फिलाडेल्फियात राजकीय मुद्दा झालं होतं, हे आपल्या पुस्तकांत फारसं येत नाही.

यावर लंडनने जे केलं त्याला मी या सगळ्या गोष्टीतली सर्वांत मोठी चूक म्हणेन. बोस्टनचं बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडून तिथली सभा पंगू केली. शिक्षा एका गावाला द्यायची, म्हणजे बाकीचे धडा घेतील, ही कल्पना. बाकीच्यांनी धडा घेतला तो असा, की आज त्यांची सनद गेली, उद्या आपली जाईल. लांबच्या साउथ कॅरोलायनाहून बोस्टनच्या उपाशी लोकांसाठी तांदूळ गेला. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात काँग्रेस भरली, जॉर्जिया सोडून बारा वसाहती आल्या. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला गोळी सुटली.

तरीही, गोळी सुटल्यानंतरसुद्धा, वर्षभर बहुतेकांना फुटायचं नव्हतं. राजा चांगला, मंत्री वाईट, असंच चाललं होतं. आपल्याकडेही हे परिचयाचं आहे, धनी चांगला आणि कारभारी लबाड. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनच्या छोट्या पुस्तिकेने तो भ्रम फोडला. हा पेन सव्वा वर्षापूर्वीच इंग्लंडहून आलेला, धंद्यात बुडालेला माणूस. त्याने साध्या भाषेत विचारलं, एका बेटाने अख्ख्या खंडावर राज्य का करावं आणि राजा मुळात हवाच कशाला. (याच पेनचं पुढचं एक पुस्तक पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचलं, पण तो वेगळा विषय.)

स्वातंत्र्याचा ठराव जून १७७६ मध्ये आला त्यामागे एक व्यवहारी कारणही होतं. काँग्रेसला फ्रान्सकडून बंदुका, दारूगोळा, जहाजं हवी होती, आणि एखाद्या राजाच्या बंडखोर प्रजेशी दुसरा राजा तह करत नाही. तह करायला आधी राज्य असावं लागतं. म्हणून जाहीरनाम्याचा एक वाचक पॅरिसमध्ये बसलेला होता. मतदान २ जुलैला झालं, न्यूयॉर्क तटस्थ राहिलं, मजकूर ४ तारखेला मंजूर झाला. त्यात या वसाहती आता स्वतंत्र ‘राज्यं’ आहेत असं म्हटलंय. बहुवचन आहे, हे लक्षात ठेवा. एका राष्ट्राची घोषणा त्यात नाही.

युद्धाबद्दल मी थोडक्यात सांगतो, लढाया तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील. १७७७ मध्ये सॅराटोगाला एक इंग्रज फौज शरण आली, १७७८ मध्ये फ्रान्स उघडपणे उतरला, १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसने हत्यारं ठेवली, १७८३ ला तह. फ्रेंच आरमार नसतं तर यॉर्कटाउन झालं नसतं. आणि फ्रान्स उतरल्यावर हे युद्ध अमेरिकेचं राहिलंच नाही. १७७७ मध्येच सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्याला आला होता. नाना फडणवीसांनी त्याचं आगतस्वागत केलं आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी मराठ्यांपुढे मान तुकवली, त्या काळात लंडन एकाच वेळी किती ठिकाणी गुंतलं होतं ते पाहा. त्या मोठ्या युद्धातली शेवटची लढाई कुठे झाली असेल? तामिळ किनाऱ्यावर, कडलूरला, १७८३ मध्ये. तहाची बातमी आली तेव्हा तिथे वेढा चालू होता. आणि यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस तीन वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला.

आणखी एक. हे यादवी युद्धही होतं. फ्रँकलिनचा स्वतःचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता, तो राजाच्या बाजूने राहिला. बापलेकांचं पुन्हा कधी जमलं नाही. युद्धानंतर साठ हजारांच्या आसपास राजनिष्ठ लोक देश सोडून गेले.

फुटून झालं. आता जुळणं. मला आज खरं तर इथेच जास्त थांबायचं आहे.

युद्ध चालू असताना या राज्यांनी एक करार केला, तो १७८१ मध्ये लागू झाला. त्यात काँग्रेस होती, पण तिला कर लावायचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची, राज्यं वाटलं तर द्यायची. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. लांबच्या पार्लमेंटच्या करावरून भांडलेली माणसं ती, नव्या मध्यवर्ती सभेलाही त्यांनी तिजोरीची किल्ली दिली नाही. तर्काला धरून होतं, पण देश चालेना. काँग्रेसने छापलेल्या नोटांची किंमत मातीमोल झाली. परदेशी कर्ज थकलं. आयात मालावर पाच टक्के जकात घ्यायची सूचना आली, १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने ती अडवली. आकाराने सर्वांत लहान राज्य!

१७८३ च्या मार्चमध्ये न्यूबर्गच्या छावणीत पगार थकलेले सेनाधिकारी काँग्रेसवर दबाव आणायच्या गोष्टी बोलू लागले. वॉशिंग्टन त्यांच्यासमोर गेला, खिशातून एक पत्र काढलं, वाचता येईना, मग चष्मा काढून लावला आणि म्हणाला की या सेवेत माझे केस पिकले आणि आता डोळेही चाललेत. त्याला चष्मा लावलेला फार कमी जणांनी पाहिला होता. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते प्रकरण तिथेच विरलं. पण पगाराचा प्रश्न होता तिथेच राहिला.

मग १७८६. पश्चिम मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी, त्यातले अनेक जुने सैनिक. सैन्यातल्या पगारापोटी मिळालेले रोखे त्यांनी गरजेपोटी कवडीमोलाने विकून टाकले होते. ते विकत घेतले सटोडियांनी. आता राज्य सरकार त्या रोख्यांची पूर्ण फेड करायला शेतकऱ्यांवरच जबर कर बसवत होतं, तोही नाण्यांत. नाणी होती कुठे? जप्त्या सुरू झाल्या, माणसं कर्जापायी तुरुंगात गेली. डॅनियल शेज नावाचा माजी कॅप्टन पुढे झाला, लोकांनी कोर्टं बंद पाडली, जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. काँग्रेसकडे फौज नव्हती. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घालून फौज उभी केली आणि बंड मोडलं. तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या १८७५ च्या दख्खनच्या दंग्यासारखं वाटतंय, सावकार, कोर्ट, जप्ती. बरोबर आहे, साम्य आहे. फरक एवढाच, की इथे या घटनेने घाबरलेल्या मंडळींनी राज्यघटनाच नवी लिहायला घेतली.

मे ते सप्टेंबर १७८७, फिलाडेल्फिया. पंचावन्न प्रतिनिधी, ऱ्होड आयलंडने कोणी पाठवलंच नाही. आतलं बाहेर जाऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात खिडक्या बंद. या लोकांना जुना करार दुरुस्त करायला पाठवलं होतं, त्यांनी तो बाजूला ठेवून नवा लिहिला. मोठी राज्यं म्हणत, लोकसंख्येप्रमाणे जागा. लहान राज्यं म्हणत, राज्यागणिक सारख्या. शेवटी एका सभागृहात हे, दुसऱ्यात ते.

पण लोकसंख्या मोजायची तर गुलामांना मोजायचं का? दक्षिणेचं म्हणणं, मोजा. मत त्यांना नाही, हक्क नाही, पण मालकांच्या राज्याला जास्त जागा मिळाव्यात म्हणून मोजा! तोडगा निघाला, पाचातले तीन धरायचे. गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही असं ठरलं. पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात गेला तर परत द्यायचा. आणि एवढं सगळं लिहिताना ‘गुलाम’ हा शब्द त्या मजकुरात एकदाही वापरला नाही. लाज वाटत होती, असंच मी समजतो. १७९० च्या पहिल्या जनगणनेत एकूण एकोणचाळीस लाख लोक, त्यातले जवळपास सात लाख गुलाम. एकीची किंमत या सात लाखांनी भरली. मूळ रहिवाशांनीही भरली, १७८३ च्या तहात मिसिसिपीपर्यंतचा मुलूख इंग्लंडने अमेरिकेला देऊन टाकला, तिथे राहणाऱ्यांना न विचारता. तिथल्या पाचातल्या तीनांचा हिशोब पुसायला पुढे मोठं यादवी युद्ध लागलं. गुलामांना मुक्त केलं म्हणून फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती त्यानंतर.

घटनेच्या प्रारंभाचा एक किस्सा सांगतो. आधीच्या मसुद्यात सुरुवातीला तेरा राज्यांची नावं ओळीने होती. पण नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना लागू होणार होती, आणि कोणती नऊ ते कोणाला माहीत? नावं छापली आणि एखादं आलंच नाही तर फजिती. म्हणून शेवटचा हात फिरवणाऱ्या समितीत गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे) राज्यांची नावं काढली आणि फक्त ‘लोक’ ठेवले. जगभर पुढे ज्याची नक्कल झाली ते शब्द अंशतः एका कारकुनी अडचणीतून आले.

मान्यताही सहज मिळाली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९. न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. तीन मतांचा फरक! एप्रिल १७८९ मध्ये वॉशिंग्टनने अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड बाहेरच होते. ऱ्होड आयलंड आलं मे १७९० मध्ये, दोन मतांच्या फरकाने.

नव्या सरकारने थोड्याच दिवसांत काय केलं असेल? कर लावला. व्हिस्कीवर. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांनी १७९४ मध्ये वसुली अधिकाऱ्यांना पिटाळलं, बंड केलं, अगदी १७६५ सारखं. वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून बारा-तेरा हजारांची फौज घेऊन निघाला. या वेळी कर लावणाऱ्या सभेत त्या शेतकऱ्यांचे प्रतिनिधी होते, आणि लढाई न होता बंड विरलं.

शेवटी एका माणसाबद्दल सांगतो आणि थांबतो. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यात हॅरी नावाचा एक गुलाम होता, आफ्रिकेतून पकडून आणलेला. व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने १७७५ मध्ये जाहीर केलं होतं, की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त. हॅरी पळून इंग्रजांना मिळाला. १७८३ मध्ये वॉशिंग्टन इंग्रज सेनापती कार्लटनला भेटला आणि आमचे गुलाम परत द्या म्हणाला. कार्लटनने नकार दिला. न्यूयॉर्कहून गेलेल्या तीन हजार कृष्णवर्णीयांच्या नोंदवहीत हॅरी वॉशिंग्टन हे नाव आहे. तो आधी नोव्हा स्कोशियाला गेला, १७९२ मध्ये तिथून आफ्रिकेत सिएरा लिओनला. तिथे वसाहत चालवणारी इंग्रज कंपनी जमिनीवर सारा मागू लागली. सन १८०० मध्ये तिथल्या लोकांनी तिच्याविरुद्ध बंड केलं, आमचे कायदे आम्ही करू म्हणाले. बंड फसलं. हद्दपार केलेल्यांत हॅरी वॉशिंग्टन होता.

पुढच्या वेळी हैती.